सात माणसांचा विमा

८ जुलै

सकाळी माझ्या खवा भट्टीवर दुसरी कढई उतरवताना कामावरच्या बजरंगचा पाय घसरला आणि उकळतं दूध त्याच्या डाव्या हातावर आलं. पोरगा ओरडलासुद्धा नाही, नुसता हात धरून खाली बसला. भूममध्ये दाखवलं, तर त्यांनी मलम लावून बार्शीला घेऊन जा म्हणून सांगितलं. दूध घालणारे दारात उभे असताना भट्टी सोडून मी कुठे जाणार? शिवकांताला बरोबर धाडलं. ती माझ्या कढईवरची पहिली बाई. बारा वर्षं झाली, तिच्या हातून उतरलेला खवा मी न बघता पुण्याला पाठवते.

सकाळी गेलेले दोघं दिवेलागणीला परत आले. हाताच्या भाजण्याला एवढा वेळ? विचारलं तर शिवकांता म्हणाली, "लई गर्दी हुती आक्का. नंबरच लागंना." बजरंग खाली बघत होता. हात ठणकत असणार.

दर वेळी असंच. कुणाला काही झालं की मी पदर खोचून धावायचं. मोफत उपचाराची सरकारी कार्डं सगळ्यांकडे आहेत, पण माणूस घाबरून ज्या दवाखान्यात शिरतो तिथं नेमकं ते चालत नाही. आज ठरवलं, मोठ्या कंपन्यांत असतो तसा आपल्या सगळ्या माणसांचा एकत्र विमा काढायचा. आमचे मास्तर शाळेतून आल्यावर त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सहा माणसांची खवा भट्टी आणि थाट साखर कारखान्याचा!" नवऱ्याने असं म्हटलं की माझं काम निम्मं होतं. आता काढणारच.

१५ जुलै

आठवडाभर फोन. एका कंपनीला वीस माणसं लागतात. सरकारच्या कामगार विम्यात बसायलाही आम्ही कमी पडतो. तिसऱ्या ठिकाणी एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुमच्या कंपनीचं एचआर कोण बघतं?" मी म्हणाले, "बाभळीची लाकडं कोण बघतं ते विचार, सांगते." तिने फोन ठेवला. एकेकाचा वेगळा विमा काढावा तर हप्ता आभाळाला, आणि जुन्या दुखण्याला तीन-तीन वर्षं हात लावणार नाहीत.

शेवटी बार्शीचा कृष्णराज नावाचा एजंट सापडला. तरुण आहे, शर्टाला इस्त्री आणि जिभेला तेल. आज भट्टीवरच आला. त्याची कंपनी सात माणसांपासून पुढे घेते. मालक आणि मालकाच्या घरचे मोजत नाहीत, सातही जण पगारी पाहिजेत, पासष्टच्या आतले पाहिजेत. मात्र एकदा विमा सुरू झाला की जुनी दुखणी पहिल्या दिवसापासून धरतात. अट एकच, विमा सुरू होतो त्या दिवशी माणूस कामावर हजर पाहिजे. आजारी म्हणून घरी बसलेला चालत नाही.

हप्ताही झेपण्यातला आहे. म्हणजे वाफेवरची कढई यंदा घ्यायची नाही, एवढंच. तिच्यासाठी बाजूला काढलेलं इकडे येईल.

शिवकांता उलथणं हातात घेऊन ऐकत उभी होती. "जुनं दुखनं म्हंजी आधीपास्नं असलेलं बी?" तिने विचारलं. कृष्णराज हो म्हणाला. तिने थोड्या वेळाने परत तेच विचारलं. बाकीचे विमा म्हटल्यावर पगारातून काय कापणार या काळजीत, निदान एकीला तरी त्यातलं महत्त्व कळलं. मला फार बरं वाटलं.

२३ जुलै

सात माणसं. शिवकांता, बजरंग, लाकडं आणि जाळ बघणारे कोंडीरामकाका, पेढे वळणाऱ्या कमलबाई आणि सिताबाई या जावा, दूध मोजून घेणारा बिराप्पा. हे सहा झाले. सातवा भागवत. सात वर्षं माझा खवा त्याच्याच पिकअपमधून जातो, तेव्हा तो तर घरचाच, असं मी धरून चालले होते.

आज त्याला म्हणाले, "भागवत, पुढच्या महिन्यापासून तुला पगारावर घेते. विमाही मिळेल."

तो गाडीचं फाळकं लावत होता. लावलं, हात पुसले आणि म्हणाला, "आक्का, म्या गाडीमालक हाय. माझ्या गाडीवर माझ्या बापाचं नाव हाय. पगार घेनारा डायवर म्हून माझ्या सोयऱ्यांत काय तोंड दाखवू?"

"अरे, गाडी तुझीच राहणार. फक्त कागदावर—"

"कागदावरच तर माणूस नोकर हुतो."

म्हणणं खरं होतं त्याचं, आणि समोरच्याचं खरं निघालं की मी चिडते. त्याला म्हणाले, सोयरे काय दवाखान्याचं बिल भरतील का. तो गाडी चालू करून गेला. खव्याचा एक डबा इथंच राहिला. मग फोन करून परत बोलवावं लागलं, ते वेगळंच.

६ ऑगस्ट

आज आधार कार्डं गोळा केली. सगळ्यांचा जन्म एक जूनचा. आमच्याकडे गुरुजींनी शाळेत नाव घालताना अख्ख्या तालुक्याला एकाच दिवशी जन्माला घातलंय. कृष्णराज म्हणतो, ते कंपनीला माहीत असतं, चालतं.

चाललं नाही ते कोंडीरामकाकांचं. कार्डावर त्यांचं वय शहात्तर. शहात्तर! हा माणूस माझ्यासमोर बाभळीचा ओंडका खांद्यावर टाकून पळतो. मी म्हणाले, "काका, हे काय?"

ते लाजले. "ती एस्टीची भानगड हाय आक्का."

भानगड अशी की पंचाहत्तरच्या पुढच्यांना एसटी फुकट. त्यांची मुलगी हर्षाली परंड्याला दिलेली. आधार दुरुस्तीचा कॅम्प लागला होता तेव्हा गावातल्या चार-पाच जणांनी मिळून आपापली वयं वाढवून घेतली. कुणी दहा वर्षं, कुणी बारा. काकांनी पंधरा घेतली. "घ्यायचंच हाय तर कमी कशाला घ्या?" म्हणाले. तेव्हापासून दर आठवड्याला परंडा. कंडक्टर एकदा म्हणालाही म्हणे, आजोबा तुमचं आयुष्य लई मोठं आहे.

मला हसू आवरेना, आणि नंतर रडू यायची वेळ आली. पासष्टची अट आहे. शहात्तरचा माणूस विम्यात बसत नाही. म्हणजे भागवत नाही, काका नाहीत, राहिले पाच.

"मग दुरुस्त करून घ्या परत," मी म्हणाले.

"आन एस्टी?"

"तिकीट काढा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांची मुलगीच मागितली. "सरकारनं दिल्यालं हाय," एवढंच म्हणाले आणि जाळ बघायला गेले.

१९ ऑगस्ट

श्रावणी सोमवार आणि राखी एकाच दिवशी, पेढ्याला मागणी तुफान. नोंद एवढीच की शिवकांता श्रावण फारच कडक पाळतेय. कढई उतरायच्या आधी चिमूटभर खवा जिभेवर ठेवायची तिची सवय, तिच्यावरच माझं सगळं दुकान चालतं. हल्ली ती बोटांत चोळून बघते आणि कमलबाईला चाखायला देते. चहासुद्धा बिनदुधाचा. मी म्हणाले, महादेवाला तुझ्या पोटाशी काय वैर आहे? हसली.

२८ ऑगस्ट

कृष्णराज आला. दोन माणसं कमी पडतात म्हटल्यावर तो म्हणाला, "आक्का, एवढं काय मनावर घेता? तुमचा कुणी भाचा-पुतण्या असेल ना? दोन नावं टाकू. पगारपत्रक मी बनवून देतो. सगळेच करतात."

खरं लिहायचं तर मी दोन नावं काढलीही. पुण्यातला माझा भाचा आणि त्याचा रूममेट. दोघांना विचारायचीही गरज नव्हती. तासाभरात विमा झाला असता.

मग मी त्याला विचारलं, उद्या दवाखान्याचं मोठं बिल आलं आणि कंपनीने चौकशी केली तर? तो म्हणाला, "सहसा करत नाहीत." सहसा! म्हणजे माझी पाच खरी माणसं दोन खोट्यांच्या गळ्यात बांधून विहिरीत सोडायची आणि सहसा दोर तुटत नाही म्हणायचं. शिवाय कोंडीरामकाकांना मी तीन आठवडे खोट्या वयावरून बोलतेय. त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू?

त्याला म्हणाले, सात खरी माणसं मी आणून देते, तू तुझा दर धरून ठेव. तो म्हणाला, ऑक्टोबरच्या पंधरा तारखेपर्यंतच धरता येईल, नंतर कंपनी दर वाढवतेय. मी म्हणाले, दसऱ्याच्या आधी देते. कुठून देणार, देव जाणे.

५ सप्टेंबर

श्रावण संपला, पोळा झाला, तरी शिवकांता खवा चाखत नाही. आता काय म्हणायचं?

आज दुपारी कढया धुऊन झाल्यावर मागे गेले तर लाकडांच्या ढिगापाशी सगळे बसलेले. शिवकांता मधे, एका बाजूला कोंडीरामकाका, समोर भागवत. भागवत! जो माणूस डबे चढवायला उतरला की पाच मिनिटं थांबत नाही.  मला बघून कमलबाई उगाच म्हणाली, "लाकडं वली हैत आक्का." लाकडं चांगली कडकडीत वाळलेली.

मी काही डोळे मिटून बसत नाही. परंडा रोडला महालिंगप्पांनी नवी भट्टी टाकलीय, वाफेच्या दोन कढया बसवल्यात. धूर नाही, खोकला नाही. त्यांना कसलेली बाई हवी आहे हे सगळं भूम जाणतं. आपल्याकडचं काम नकोसं झालं की माणूस आपल्याकडचं खाईनासं होतं, हे मी सासरी-माहेरी दोन्हीकडे बघितलंय.

बरोबर. शिवकांता चाललीय, आणि जाताना बाकीच्यांनाही नेतेय. संध्याकाळभर मनात तेच. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "तिलाच विचार ना." विचारायचं काय? मी मालकीण आहे. तिने येऊन सांगावं.

यावर इलाज एकच, विमा. महालिंगप्पांकडे वाफ असेल, विमा नाही.

९ सप्टेंबर

आजचा दिवस सोन्याचा.

सकाळी सगळ्यांना एकत्र बसवून मी बोलले. भाषणच केलं म्हणा. बजरंगचा हात सगळ्यांना दाखवला. म्हणाले, आपण एका कढईची माणसं आहोत, एकाने मागे घेतलं तर सगळ्यांचं जातं. कोंडीरामकाकांना म्हणाले, तुमचं तिकीट मोठं की या बायकांचा जीव? भागवतला म्हणाले, नोकर कागदावर होशील, मान कुठे जातो? 

आणि काय नवल! कोंडीरामकाका उठले, म्हणाले, "आक्का, माझं वय मला परत द्या. कुठं जावं लागतंय सांगा." भागवत मान खाली घालून म्हणाला, "लिवा माझं नाव. पन डायवर लिवू नका. वाहन व्यवस्थापक लिवा."

लिहीन म्हणाले. वाटलं तर सरव्यवस्थापक लिहीन!

शिवकांता पदराने डोळे पुसत होती. धूर नव्हता. म्हणजे माझ्या बोलण्याने तिचंही मन पालटलं असावं. मास्तर म्हणतात, मुलांपुढे पंचवीस वर्षं बोलतोय, एवढा परिणाम मला कधी साधला नाही. मी म्हणाले, मनापासून बोलावं लागतं.

१३ सप्टेंबर

काकांना घेऊन त्यांच्या जुन्या शाळेत गेले. तिसरीपर्यंत शिकलेत. मुख्याध्यापिका भली बाई, तिने जुनी नोंदवही काढून उतारा दिला. जन्म एक जून, वय एकसष्ट. काका म्हणाले, "बगा, पंधरा वर्षं घालवली की एका दिवसात." पण ते एवढं सोपं नाही. एकदा बदललेली तारीख परत बदलायची म्हणजे कागद मुंबईच्या ऑफिसला जातात. ऑनलाइन पाठवले. शिपाई म्हणाला, होईल की नाही सांगता येत नाही. होईल. नाही झालं तर मी मुंबईला जाऊन बसेन.

२४ सप्टेंबर

आज शिवकांताने कढई जाळली.

पूर्ण कढईचं दूध तळाला लागलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. मी मापाच्या खोलीत होते, वास आला म्हणून धावले, तर ही उलथणं सोडून भिंतीला टेकून बसलेली, घामाने निथळतेय, उजव्या बरगडीखाली हाताची मूठ दाबून धरलेली. "धूर लागला," म्हणाली.

"बारा वर्षं धूर लागला नाही, आजच कसा लागला? लक्ष कुठे असतं तुझं? परंडा रोडला?"

हे मी सगळ्यांसमोर बोलले.  ती उठली, दुसरं दूध चढवलं आणि उलथणं हातात घेतलं. कमलबाई ते तिच्या हातून घ्यायला गेली तर तिने दिलं नाही. कोंडीरामकाकांनी माझ्याकडे बघितलं आणि जाळ कमी केला, मी न सांगता.

बोलायला नको होतं. पण पुण्याची ऑर्डर होती, आणि मी काही देव नाही.

४ ऑक्टोबर

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी बातमी. काकांचं वय मंजूर! मास्तरांनी मोबाइलवर कार्ड काढून दाखवलं. काका कालच परंड्याला जाऊन आले होते. म्हणाले, "शेवटची फुकट फेरी करून आलो. पोरीला सांगितलं, आता म्हैन्याला एकदाच येईन."  मी म्हणाले, काका, दिवाळीला तुमचं तिकीट माझ्याकडून. ते म्हणाले, "र्‍हाऊ द्या. ज्याच्यासाठी केलं ते झालं मंजी झालं." किती समजूतदारपणे बोलले. माझ्यासाठी एवढं करणारी माणसं आहेत ही, आणि मी त्यांच्यावर संशय घेते.

हप्ता भरला. दहा तारखेपासून विमा सुरू. कृष्णराजने बजावून सांगितलं, त्या दिवशी सातही जण कामावर हजर पाहिजेत, हजेरीवर सही-अंगठा पाहिजे.

१० ऑक्टोबर

सगळ्यात आधी कोण आलं? शिवकांता. अजून दूधही आलं नव्हतं. कपाळाला भस्म, तोंड पांढरं पडलेलं. नवरात्राचे उपास असतील. हजेरीवर अंगठा उठवला आणि मला विचारलं, "आजपास्नं ना आक्का?"

"आजपासून."

तिने दिवसभर कढई सोडली नाही. दुपारी कृष्णराजने कार्डं वाटली, मी पेढे वाटले. भागवतने कार्ड गाडीच्या काचेला लावलं. शिवकांताने पेढा पदराला बांधला, खाल्ला नाही. जाताना माझ्या पाया पडली. हे मला जरा खटकलं. बारा वर्षांत दिवाळी-पाडव्याशिवाय ती कधी पाया पडली नाही.

१४ ऑक्टोबर

शिवकांता आली नाही. निरोप नाही, फोन बंद. दसऱ्याची सुट्टी संपली, दिवाळीच्या ऑर्डरी डोक्यावर, आणि ही नाही. कमलबाईला विचारलं तर, "गावाला गेल्या असत्याल." सिताबाई म्हणते, "पोरीकडं." बिराप्पा म्हणतो, "मला न्हाय म्हाईत." तिघांची तोंडं तीन दिशांना.

पाया पडली ती निरोपाची होती तर! कार्ड पदरात पडेपर्यंत थांबली आणि गेली. माझी वाफेची कढई गेली, काकांची एसटी गेली, आणि ही कार्ड घेऊन परंडा रोडला.  फोन हातात घेतला, कृष्णराजला सांगायचं की शिवकांताचं नाव काढ, तिने काम सोडलं. सहा उरले तर उरले, विमा मोडला तर मोडला. मला असं कुणी फसवलेलं चालत नाही.

कोंडीरामकाका दारात येऊन उभे राहिले. फोन माझ्या हातात, आणि माझा आरडाओरडा त्यांना ऐकू गेला असणार.

"आक्का, आज फोन करू नका. उद्या करा."

"का?"

"का ते इचारू नका. माझी पंधरा वर्षं म्या तुमच्या शब्दावर दिली. तुमी माझ्या शब्दावर एक दिस द्या."

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. पण केला नाही.

१५ ऑक्टोबर

जेवायला बसले एवढ्यात अनोळखी नंबर. विमा कंपनीचा माणूस. बोलणं गुळगुळीत, हिंदी मिसळलेलं मराठी. विचारतो, "शिवकांता नावाच्या बाई आपल्याकडे कामाला आहेत का? की होत्या?"

होत्या, हा शब्द माझ्या अगदी ओठांवर होता. पण त्या माणसाच्या आवाजात काहीतरी असं होतं की तो माझ्या तोंडून तेच ऐकायची वाट बघतोय. आणि मला कुणी शब्द तोंडात घातलेला आवडत नाही. दुसरं म्हणजे, मी तिचा हिशोब केलेला नाही. हिशोब होईपर्यंत माणूस माझं. मी म्हणाले, "आहेत. बारा वर्षं आहेत."

"दहा तारखेला कामावर होत्या?"

"दिवसभर होत्या. हजेरी पाठवू?"

"पाठवा."

पाठवली. मग विचारलं, "का हो, झालं काय?"

तो म्हणाला, "बार्शीच्या हॉस्पिटलमधून मागणी आली आहे. पित्ताशयाचं ऑपरेशन. खडे. जुलैमधला रिपोर्ट जोडलाय, म्हणून खात्री करत होतो. ठीक आहे, करतो मंजूर."

मी ताटावरून उठले. जुलै. मी तिला बजरंगबरोबर पाठवलं होतं तो दिवस. तिथेच तिने स्वतःलाही दाखवलं असणार, आणि डॉक्टरांनी दूध-तूप बंद केलं असणार. नंबर लागत नव्हता म्हणे!

बाहेर आले. सगळे कढयांपाशी उभे होते, जणू मी काय म्हणते त्याची वाट बघत. मी विचारलं, "तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

 भागवत म्हणाला, "पयल्यापास्नं न्हाय आक्का. लाकडापाशी बसलो हुतो त्या दिशी कळलं. त्यांनी सांगितलं, सात झाली तरच हुईल."

म्हणजे माझं भाषण व्हायच्या आधीच सगळं ठरलं होतं.

तीन महिने ती बाई पोटात कळा घेऊन माझ्या जाळापुढे उभी राहिली. मी तिला परंडा रोड सुनावला. लाज वाटली. एवढंच लिहिते, याहून जास्त लिहवत नाही.

१७ ऑक्टोबर

काल ऑपरेशन नीट पार पडलं. आज भागवतच्या गाडीतून कमलबाईला घेऊन बार्शीला गेले. सगळा रस्ता काय बोलायचं ते ठरवत होते. आधी माफी मागायची, मग रागवायचं, असा क्रम ठरला.

पलंगावर ती एवढीशी दिसत होती. मला बघून उठायला लागली. मी म्हणाले, पड. आणि ठरवलेला क्रम उलटा झाला.

"मला का सांगितलं नाहीस? मी काय मेले होते? पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर—"

"तर काय केलं असतं आक्का?"

"काय म्हणजे? कढईवर उभं राहू दिलं नसतं. घरी बसवलं असतं तुला."

"व्हय," ती म्हणाली. "तुमी मायेनंच बसवलं असतं. मंग त्या दहा तारखेला म्या कामावर कुठनं असते?"

मी स्टूलवर बसले. बरोबर होतं तिचं. मी तिला घरी पाठवलं असतं, वर चार डबे पेढे दिले असते आणि माझ्या चांगुलपणाबद्दल इथं एक पानही लिहिलं असतं. तिच्या जागी दुसरी बाई उभी केली असती. विम्यातून तिचं नाव माझ्याच हाताने गेलं असतं. मायेने.

"त्या दिवशी बोलले ते चुकलं माझं," मी म्हणाले. "परंडा रोडचं."

"महालिंगप्पा बोलवत हुते की," ती म्हणाली. "दोनदा माणूस धाडला. वाफंची कढई, धूर न्हाय. पन तितं विमा न्हाय." ती हसायला गेली, टाके ताणले, तोंड वाकडं केलं.

मी म्हणाले, "आता दोन महिने कामाचं नाव काढू नकोस. घरी बस. पगार घरी येईल. तुझी जागा तुझीच राहील, नाव यादीत राहील, कढईवर मी उभी राहीन. डॉक्टर हो म्हणाले की ये."

ती माझ्याकडे बघत राहिली. बारा वर्षांत तिने असं सरळ माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. मग सावकाश म्हणाली, "लिवून द्या."

मला वाटलं, थट्टा करतेय. करत नव्हती.

राग यायला हवा होता. आला नाही. औषधाच्या पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी लिहिलं, सगळं, जसं बोलले तसं. खाली तारीख घातली, सही केली, उमादेवी, भट्टीचं नाव. तिने तो कागद घेतला, उलटसुलट बघितला आणि कमलबाईच्या हातात दिला.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच."

कमलबाई अडखळत वाचत गेली. शेजारच्या पलंगावरची बाईही कान देऊन ऐकत होती. वाचून संपल्यावर शिवकांताने कागद परत घेतला, घडी घालून उशीखाली ठेवला आणि डोळे मिटले.